लहान कॅम्पर व्हॅन घ्यावी की मोठे मोटर होम? सोबत ८३ वर्षांची आई आहे

प्रश्न : वडगावचे गुरुजी (बेळगाव)

नमस्कार. बेळगावातील एका मराठी माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित शिकवून मी गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो. नोकरीच्या काळात सुट्ट्या परीक्षांच्या कामात गेल्या, त्यामुळे आता सौ. आणि मी दर महिन्याला आठ-दहा दिवस बाहेर पडायचे असे ठरवले आहे. हंपी, गोकर्ण, नरसोबाची वाडी, पंढरपूर, कोकण आणि वर्षातून दोनदा पुण्याला मुलीकडे, एवढा आमचा मुख्य प्रवास असेल. चोर्ला रस्त्यावर जांबोटीच्या पुढे आमचे मूळ गाव आहे आणि तिथे महिन्यातून एकदा तरी जाणे होतेच.

अडचण आईची आहे. तिचे वय ८३ आहे. गुडघे दुमडत नाहीत, भारतीय पद्धतीच्या शौचालयात तिला बसता येत नाही आणि रात्रीतून तीन वेळा तरी उठावे लागते. याच कारणाने गेली सहा वर्षे तिने बेळगाव सोडलेले नाही. तिला नरसोबाच्या वाडीला एकदा जायचे आहे, हे ती स्वतःहून कधी बोलत नाही, पण गुरुवारी पोथी वाचून झाली की वाडीचा विषय निघतोच. मुक्कामाची सोय असलेली गाडी घ्यावी हा विचार तिथून सुरू झाला.

माझ्यापुढे सध्या दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय साधारण साडेपाच ते सहा मीटर लांबीच्या उंच छताच्या नव्या व्हॅनचा. टाटा विंगर किंवा फोर्स ट्रॅव्हलर यांपैकी एक घेऊन तीत दोघांचा पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटरी बसवून घ्यायची. दुसरा पर्याय बसच्या चासीवर बांधलेल्या नऊ मीटर लांबीच्या वापरलेल्या मोटर होमचा. ती गाडी सहा वर्षांची आहे, चालली फारच कमी आहे, तीत बंदिस्त स्नानगृह, कमोड, चौघांची झोपण्याची जागा, जनरेटर आणि वातानुकूलन यंत्र आहे. आश्चर्य म्हणजे दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच येतो. सौ. पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहे. मुलगी दुसऱ्याचा आग्रह धरते, कारण मे महिन्यात तिची दोन मुलेही सोबत येणार. ज्यांनी अशी गाडी प्रत्यक्ष वापरली आहे किंवा बांधली आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. पैसे एकदाच घालायचे आहेत.


उत्तर १ : मलप्रभाकाठ (खानापूर)

गुरुजी, नमस्कार. माझ्याकडे चार वर्षांपासून उंच छताची लहान व्हॅन आहे आणि माझ्या मेहुण्यांकडे दोन वर्षे मोठे मोटर होम होते, त्यामुळे दोन्हींचा अनुभव जवळून घेतला आहे.

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर मोठी गाडी अत्यंत सुखाची आहे. बेळगावहून निपाणी, कोल्हापूर करत पुण्याला जाताना तीत बसल्यावर घरच्या दिवाणखान्यात बसल्यासारखे वाटते, आणि तवंदीचा घाट आता इतका रुंद झाला आहे की चालकाला वेगळे काही जाणवतही नाही. पण आपण सांगितलेल्या ठिकाणांपैकी महामार्गावर कोणते आहे? प्रत्येक ठिकाणी शेवटचे दोन-चार किलोमीटर गावच्या रस्त्याचे आहेत, आणि गाडीची निवड मला वाटते तिथेच ठरते. हलशीच्या नृसिंह-वराह मंदिराला जाताना झाडांच्या फांद्या इतक्या खाली येतात की मेहुण्यांच्या गाडीच्या छतावरचे यंत्र वाचवण्यासाठी आम्ही एकाला काठी घेऊन पुढे चालवत होतो. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला. त्याच्यामागे दोन ट्रॉल्या होत्या, त्याला मागे घेता येत नव्हते आणि आम्हालाही. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, चिकोडी, निपाणी, संकेश्वर या भागात हे रोजचेच आहे, आणि फिरायला सर्वांत चांगली हवा नेमकी त्याच महिन्यांत असते.

आपल्या जांबोटीच्या रस्त्याचेही तसेच आहे. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत आणि पुढे चोर्ल्याला उतरताना वळणे अशी आहेत की नऊ मीटरची गाडी समोरच्या बाजूचा रस्ता घेतल्याशिवाय वळत नाही. पावसाळ्यात चोर्ला आणि अनमोड या घाटांत अवजड वाहनांवर वारंवार निर्बंध येतात. गोव्याकडे किंवा कोकणात उतरायचे म्हटले की मेहुण्यांना दर वेळी आधी चौकशी करावी लागे. बेळगाव–वेंगुर्ले रस्त्याने आंबोलीपर्यंत आम्ही एकदा त्यांच्या गाडीतून गेलो. मुक्कामाला जागा शोधण्यात संध्याकाळचे तीन तास गेले, कारण जिथे जागा सपाट होती तिथे ती चिखलाची होती, आणि एवढे वजन चिखलात उतरवायला कोणाचेही धाडस होईना.

मी दुसरी बाजूही सांगतो. लहान गाडीत पाऊस लागला की जीव गुदमरतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि जुलैमध्ये ओले कपडे, ओल्या छत्र्या आणि ओले बूट घेऊन सव्वासहा फुटांच्या पलंगावर दोघांनी दोन दिवस बसून काढणे वेगळे. पलंग रोज रात्री मांडायचा आणि सकाळी मोडायचा, नाहीतर बसायला जागा उरत नाही. एकाने चहा करायचा ठरवला तर दुसऱ्याने पाय वर घ्यायचे. सूर्यप्रकाशच नसल्याने छतावरच्या सौर पट्ट्यांचा त्या दिवसांत उपयोग नसतो आणि बॅटरी इंजिनवरच भरून घ्यावी लागते. एवढे असूनही आम्ही वर्षातून ७०-८० रात्री गाडीत काढतो. मेहुण्यांची गाडी मात्र दोन वर्षांत १९ रात्री वापरली गेली आणि उरलेला काळ एका परिचितांच्या शेडमध्ये उभी राहिली. शेवटी त्यांनी ती विकली.

शौचालयाबद्दल. आमच्याकडे काढता येण्याजोग्या टाकीचे छोटे शौचपात्र आहे. खालची टाकी २० लिटरची असते, दोघांना ती दोन-तीन दिवस पुरते, आणि भरली की कोणत्याही शौचालयात रिकामी करून धुता येते. भरलेली टाकी २० किलोहून जड असते, तेव्हा आपल्या कंबरेचा विचार आधीच करून ठेवावा. मोठ्या गाडीतील मैल्याची टाकी ८०-१०० लिटरची असते. ती रिकामी करण्याची सोय आपल्याकडे महामार्गावर कुठेच नाही. मेहुणे ती घरी आणून सेप्टिक टँकमध्ये सोडत असत, म्हणजे पाचव्या दिवशी घरी परतणे भागच होते. ओढ्यात किंवा शेताच्या बांधाला सोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याशी भांडलोही आहे. मलप्रभेचा उगम आमच्या तालुक्यात आहे, त्या पाण्यावर पुढे किती गावे जगतात याचा त्यांनी विचार करायला हवा होता.


उत्तर २ : उद्यमबागेतला कारागीर

गुरुजी, मी २२ वर्षे बसच्या आणि रुग्णवाहिकांच्या बॉडीचे काम केले आहे. अलीकडे तीन कॅम्पर व्हॅनच्या आतले कामही केले. मला आपल्याशी वजनाबद्दल बोलायचे आहे, कारण गिऱ्हाईक रंग, पडदे आणि दिवे यांबद्दल तासभर विचारते आणि वजनाबद्दल कोणीच विचारत नाही.

१८ मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडचा एक ताव ३५ किलोच्या आसपास भरतो. घरातील फर्निचर करणारा सुतार व्हॅनमध्ये सहज आठ-नऊ ताव बसवतो. म्हणजे माणूस, पाणी, सामान काही चढण्याआधीच तीनशे किलो झाले. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, पण रिकाम्या लोखंडी टाकीचे वजन त्याहून जास्त असते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची नेहमीची इन्व्हर्टरची बॅटरी ५० किलोच्या आसपास, आणि अशा दोन लागतात. हे सगळे मागच्या चाकांच्याही मागे बसवले की घाट चढताना पुढची चाके हलकी पडतात. विंगर ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, तेव्हा तिच्यात ही चूक झाली तर ओल्या चढावर चाके जागेवर फिरायला लागतात. ट्रॅव्हलरची मागची चाके ओढतात, तिला चढावर त्रास कमी होतो, पण तिचा तळ उंच असतो. विंगरचा तळ खाली असतो आणि आईंच्या दृष्टीने तो गुण मोठा आहे. माझे म्हणणे एवढेच की आपण विंगर घेतली तर पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या दोन्ही चाकांच्या मधोमध, शक्यतो पुढच्या बाजूला घ्याव्यात. फर्निचर १२ मिलिमीटरच्या हलक्या प्लायचे आणि ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे करावे, आणि काम झाल्यावर टाक्या भरून गाडी वजनकाट्यावर घालावी. फक्त एकूण वजन बघू नका. पुढची चाके आणि मागची चाके काट्यावर स्वतंत्र घालून दोन आकडे घ्या आणि आरसीवरील एकूण वजनाशी ताडून पाहा. एखाद्या साखर कारखान्याच्या काट्यावर विनंती केली तर तेवढे काम होऊन जाते.

आता त्या वापरलेल्या मोटर होमबद्दल. 'फारच कमी चालली आहे' हे ऐकून आपल्याला आनंद झाला असेल, पण माझ्या कानाला ती तक्रार वाटते. उभ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाही बाजूंनी तडकतात. सहा वर्षांचे टायर असतील तर सहाही बदलावे लागतील असे धरून चला, त्यांच्या बाजूवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत लिहिलेले असते ते स्वतः वाचा. हवेच्या ब्रेकच्या टाकीत पाणी साठते, आतून गंजते. छतावर जिथे जिथे यंत्र, झरोका किंवा तारेसाठी भोक पाडले आहे तिथे सीलंट सुकून पाणी झिरपते आणि ते आतल्या थरात मुरत असल्याचे महिनोन्महिने कळत नाही. आपला पाऊस अशा गाडीला दोन हंगामांत संपवतो. आत गेल्यावर सर्वांत आधी कपाटांच्या वरच्या कोपऱ्यांत हात फिरवा आणि वास घ्या. ओलसर, कुबट वास आला तर किंमत कितीही कमी असो, माघारी फिरा. आत खिडकीखाली अंगठ्याने दाबून पाहा, प्लाय आत दबले तर तिथेही तेच.

वातानुकूलन यंत्राबद्दल मुलीने आग्रह धरला असेल. हिशेब आपणच करा, आपण गणिताचे शिक्षक आहात. १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे २,५६० वॅट-तास. एक टनाचे यंत्र चालू असताना १,००० वॅटच्या आसपास घेते. अडीच तासांत बॅटरी संपली. म्हणून मोठ्या गाडीत जनरेटर असतो, आणि रात्री देवळाच्या आवारात जनरेटर लावला की शेजारी झोपलेले वारकरी उठून येतात. बॅटरीवर चालणारे छोटे शीतकपाट आणि दोन पंखे त्याच बॅटरीवर दोन रात्री आरामात निघतात. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्या भागात रात्री यंत्राची गरजच पडत नाही. एप्रिल-मेमध्ये हंपी, विजापूर, अथणी या बाजूला मात्र पडते. त्या दोन महिन्यांत तिकडे जाऊ नये, घाटमाथ्यावर जावे.

गॅसबद्दल एक गोष्ट विसरू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवीच, आणि तो कप्पा आतल्या बाजूने पूर्ण बंद हवा. छोटा पाच किलोचा सिलिंडर आपल्याला पुरेल. मी ज्या गाड्या दुरुस्तीला पाहिल्या त्यांपैकी एकीत ही जाळी पलंगाच्या गादीखाली झाकली गेली होती आणि त्यावर माणसे झोपत होती.


उत्तर ३ : गोकाकहून

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे मुक्कामाची सोय असलेल्या अशा गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. तेव्हा नव्या व्हॅनचे काम देताना बांधणाऱ्याकडे त्या मानकाची मान्यता आहे का हे आधी विचारावे आणि आरसीवर 'कॅम्पर व्हॅन' अशी नोंद होऊनच गाडी ताब्यात घ्यावी. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही परिवहनेतर वाहनांत मोडते, तिला पिवळी पाटी लागत नाही. आरसीवर प्रवासी गाडी आणि आत पलंग व शेगडी अशी स्थिती असेल तर अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळते.

परवान्याचे : हलके मोटार वाहन म्हणजे ७,५०० किलोपर्यंतचे. आपली लहान व्हॅन त्यात आरामात बसते. नऊ मीटरच्या बसच्या चासीचे आरसीवरील एकूण वजन बघा, ते त्यापुढे असेल तर आपला नेहमीचा परवाना चालणार नाही आणि चालक ठेवावा लागेल. आणखी एक. गाडी पुण्याला मुलीकडे ठेवायचा विचार असेल तर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात राहिलेल्या गाडीला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासोबत तिथला करही येतो. फिरायला नेऊन परत आणण्यास ही अडचण नाही.


उत्तर ४ : निपाणीची सून

गुरुजी, आपला प्रश्न वाचून मी दोन दिवस थांबले, कारण वरच्या सगळ्या उत्तरांत गाडीचा विचार नीट झाला आहे, पण आईंचा विचार करताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना ७९ वे वर्ष होते, डाव्या बाजूचा अशक्तपणा होता, आणि त्यांच्यासाठीच आम्ही सहा दिवसांकरिता एक मोठे मोटर होम चालकासह भाड्याने घेऊन हंपीला गेलो होतो.

आत शौचालय असण्याचे सुख काय असते ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. प्रवासात सासूबाई सकाळपासून पाणी पिणे टाळत असत. विचारले तर 'तहान नाही' म्हणत. खरे कारण लाज होती, आणि हे आम्हाला लग्नानंतर १८ वर्षांनी त्या गाडीत कळले, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी दोन तांबे पाणी प्यायले आणि दुपारी स्वतःहून ताक मागितले. गुरुजी, आपल्या आईही पाणी टाळत असतील, एकदा लक्ष देऊन पाहा. त्यामुळे गाडी कोणतीही घ्या, शौचालय पडद्यामागे ठेवू नका. कडी लागणारे दार असलेली बंद खोली हवी, मग ती अडीच फुटांची का असेना. पडद्यामागे मुलगा चार फुटांवर झोपलेला असताना कोणतीही आई मोकळी होत नाही.

आता जे चुकले ते सांगते. त्या गाडीला चढायला तीन पायऱ्या होत्या आणि पहिली पायरी जमिनीपासून माझ्या गुडघ्याच्याही वर होती. सासूबाईंना दर वेळी चालकाने वरून हात धरायचा आणि यजमानांनी खालून उचलायचे. दिवसातून चार वेळा हे झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, 'तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते.' ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्या गाडीतच बसून राहिल्या. हंपीला विठ्ठल मंदिराजवळ खासगी गाड्या अलीकडेच थांबवतात आणि पुढे विजेवरच्या गाड्यांतून नेतात, त्या बुटक्या गाडीत मात्र सासूबाई स्वतः चढल्या आणि तो त्यांचा सहलीतील सर्वांत आनंदाचा अर्धा तास होता. येताना मुद्दाम वाट वाकडी करून आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. तिथे मोठी गाडी गावाबाहेर वाहनतळावर ठेवावी लागली आणि देवळापर्यंत रिक्षाच करावी लागली.

म्हणून माझे सांगणे असे की दोन्ही गाड्यांच्या पहिल्या पायरीची उंची टेपने मोजा आणि आई घरातील किती उंचीचा उंबरा किंवा पायरी कोणाचा हात न धरता चढतात तेही मोजा. पलंगाची उंची खुर्चीइतकी हवी, साधारण दीड फूट. त्याहून खाली असेल तर त्यांना उठता येणार नाही आणि वर असेल तर पाय टेकणार नाहीत. काढत्या टाकीची शौचपात्रे बहुतेक बुटकी असतात, खाली लाकडी चौथरा करून ती उंच करून घ्यावी लागतात. पलंगापासून शौचालयापर्यंत दोन्ही बाजूंना हाताला येईल असा स्टीलचा दांडा हवा आणि रात्री पायाजवळ मंद दिवा. या गोष्टींना खर्च फारसा येत नाही, पण गाडी बांधून झाल्यावर त्यांना जागा सापडत नाही.

नातवंडांचे म्हणाल तर ती वर्षातून दहा दिवस येणार. वाडीला, पंढरपूरला भक्तनिवास आहेत, गावी आपले घर आहे. त्यांच्यासाठी बारा महिने नऊ मीटरची गाडी सांभाळणे मला पटत नाही. आपली मुलगी रागावली तर तिला माझे हे उत्तर वाचायला द्यावे.


पुन्हा वडगावचे गुरुजी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून आम्ही तीन दिवस फक्त मोजमाप केले, त्याचा निष्कर्ष सांगतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाजूला विजेचा खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा कट्टा आहे. त्यांच्यामधील अंतर २.९५ मीटर भरले. मोटर होमची रुंदी २.४० मीटर आहे, आरशांसह ती २.८० च्या पुढे जाते. सरळ रेषेत ती गाडी कशीबशी आत येईल, पण मुख्य रस्त्यावरून काटकोनात वळताना तिचा मागचा भाग कट्ट्यावर चढणार हे कागदावर आकृती काढल्यावर स्पष्ट झाले. म्हणजे गाडी आमच्या दारात कधीच येणार नव्हती, आणि आईला प्रत्येक वेळी रिक्षाने गाडीपर्यंत न्यावे लागले असते. लहान व्हॅन आरशांसह २.३० मीटरच्या आत बसते आणि दारापुढे उभी राहते.

पायरीचेही मोजले. आई देवघराचा १७ सेंटिमीटरचा उंबरा एकटी चढते, २२ सेंटिमीटरच्या अंगणातील पायरीला भिंत धरते, आणि त्यापुढे तिला हात लागतो. दोन्ही व्हॅन प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या. विंगरच्या बाजूच्या दाराशी एक बाहेर येणारी घडीची पायरी बसवली तर प्रत्येक टप्पा २० सेंटिमीटरच्या आसपास राहू शकतो, ट्रॅव्हलरला मात्र दोन जादा पायऱ्या लागतात. वापरलेले मोटर होमही मी पुन्हा जाऊन पाहिले. कारागीर साहेबांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या कपाटाच्या कोपऱ्यात हात फिरवला. बोटांना ओल लागली. टायरांवरचे आकडे गाडीइतकेच जुने निघाले.

निपाणीच्या ताईंनी लिहिलेले सौ. ने आईला वाचून दाखवले. पाण्याचा परिच्छेद आला तेव्हा आई काही बोलली नाही, नुसती पदराने डोळे पुसत राहिली. सहा वर्षे मी तिला 'बाहेर का येत नाहीस' म्हणून विचारत होतो.

तेव्हा विंगर घ्यायची असे ठरले आहे. ओटा निम्मा करून मागच्या कोपऱ्यात दार आणि कडी असलेली ७५ सेंटिमीटर रुंदीची बंद खोली घ्यायची, तिच्यात चौथऱ्यावर काढत्या टाकीचे शौचपात्र, आणि पलंगाची उंची ४५ सेंटिमीटर. स्वयंपाक बहुतेक वेळा बाहेर घडीच्या टेबलावर होईल, त्याला सौ. ची हरकत नाही. पाण्याची टाकी ६० लिटरचीच ठेवणार, कारण आपल्या भागात पाणी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. आता कारागीर साहेबांना एक प्रश्न आहे. बंद खोली मागच्या कोपऱ्यात गेल्यामुळे वजन पुन्हा मागे जाते का? तसे असेल तर ती बाजूच्या दाराजवळ, चाकांच्या मध्ये घेता येईल का?


उत्तर : उद्यमबागेतला कारागीर

घेता येईल आणि तसेच घ्यावे. खोली चालकाच्या आसनामागे, बाजूच्या दारासमोर घ्या, म्हणजे आई आत चढल्या की दोन पावलांवर दार आणि वजन मधोमध. शौचपात्राची टाकी बाहेरून काढता यावी म्हणून त्या बाजूला पत्र्यात झाकण कापावे लागेल. त्यासाठी मान्यताप्राप्त बांधणाऱ्याच्या आराखड्यातच ते दाखवून घ्या, नंतर कापू नका. पलंग मागे आडवा न टाकता लांबीत टाकला तर आईंना रात्री कोणाला ओलांडून यावे लागणार नाही. आराखडा काढण्यापूर्वी एक रविवार माझ्याकडे या, जमिनीवर खडूने गाडीचे पूर्ण मापाचे चित्र काढू, खुर्च्या आणि बाकडी मांडू आणि आईंना त्यात चालवून पाहू.


वडगावचे गुरुजी

येत्या रविवारी सकाळी दहाला आईला घेऊन येतो. टेप माझ्याकडे आहे, खडू तर आहेतच.